संबंधित वाचनाचा शोध : डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे जीवन आणि कार्य

मराठीतील संशोधक विद्यार्थ्याने विषय निश्चित केला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पूर्वलेखनाचा. या विषयावर आधी कोणी, कोठे आणि काय लिहिले आहे, हे त्याला कळावे कसे? ग्रंथांचा शोध त्यामानाने सोपा असतो. शंकर गणेश दाते यांची १९४४ साली प्रकाशित झालेली मराठी ग्रंथसूची हाताशी असली, म्हणजे १८०० ते १९३७ या कालखंडातील मुद्रित ग्रंथांचा माग काढता येतो. नियतकालिकांत विखुरलेल्या लेखांची गोष्ट वेगळी आहे. एखाद्या दिवाळी अंकातील दहा पानांचा लेख प्रबंधातील एका प्रकरणाचा पायाच हलवू शकतो; पण तो लेख अस्तित्वात आहे हे कळायला पुष्कळदा केवळ योगायोगच कारणीभूत होतो. जुने अंक संगणकीय संग्रहांत उपलब्ध होऊ लागल्यापासून ही अडचण सरली असे मानले जाते. वस्तुतः तिचे केवळ रूप पालटले आहे. शोधाच्या चौकटीत शब्द लिहिला असता तो शब्द असलेले लेख समोर येतात. त्या विषयावरचे लेख येतातच असे नाही.

शब्द आणि विषय यांमधील या अंतराचा जन्मभर विचार करणारी व्यक्ती म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. साहित्याच्या अभ्यासकांनी एका गणितज्ञ ग्रंथपालाचे चरित्र का वाचावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ग्रंथालयशास्त्राच्या पदवी परीक्षेसाठी पाठ करावयाचे एक नाव, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे. त्यांनी सोडवू पाहिलेला प्रश्न मात्र आपलाच आहे.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते आठवणार. रंगनाथन यांच्या घराण्याचा त्या परंपरेशी संबंध नव्हता. परंतु ग्रंथसंग्रहाला सांस्कृतिक मान असलेल्या भूमीत ते जन्मले, एवढे म्हणण्यास हरकत नाही. वडील रामामृत अय्यर घरी जमणाऱ्या मंडळींपुढे रामायणाचे निरूपण करीत. रंगनाथन लहान असतानाच त्यांचे निधन झाले. पुढील शिक्षण मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजमध्ये झाले आणि तेथे एडवर्ड रॉस हे गणिताचे प्राध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले. हा गुरुशिष्यसंबंध पुढेही टिकला. रंगनाथन यांच्या वाणीत अडखळण्याचा दोष होता आणि तो त्यांनी प्रयत्नपूर्वक आटोक्यात आणला. गणिताची एम.ए. पदवी घेतल्यानंतर १९१७ पासून त्यांनी मंगळूर, कोईमतूर आणि मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे अध्यापन केले. शिक्षक म्हणून ते विद्यार्थिप्रिय होते. वर्गात व्याख्यान देण्यापेक्षा विद्यार्थ्यांना आधी वाचावयास लावून मग चर्चा करण्याकडे त्यांचा कल असे.

ग्रंथालयाच्या क्षेत्रात ते आले ते कोणत्याही ध्येयवादामुळे नव्हे. अध्यापकाचा पगार तुटपुंजा होता आणि मद्रास विद्यापीठाने नव्याने निर्माण केलेल्या ग्रंथपालपदाचा पगार त्याहून पुष्कळ चांगला होता. स्नेह्यांच्या आग्रहाखातर त्यांनी अर्ज केला, निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले. थोड्याच दिवसांत ते या कामाला कंटाळले. ग्रंथालयात येणारे वाचक मोजके, दिवसभर काम असे नाहीच. त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे परत घेण्याची विनंती केली. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला जाऊन यावे आणि त्यानंतरही मन रमले नाही तर परत यावे, असा तोडगा निघाला. चरित्रकारांनी हा प्रसंग रंजक कथेसारखा सांगितला आहे. मला त्यात वेगळे महत्त्व दिसते. वाचकाविना पडून राहिलेल्या ग्रंथसंग्रहाची उदासीनता त्यांनी आधी स्वतः अनुभवली होती. पुढील सारे चिंतन त्या अनुभवातून उगवले आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वर्गीकरणाचे अध्यापक डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे होते. ते क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख ग्रंथपालही होते. सेयर्स यांच्या सहवासात रंगनाथन यांनी अनेक ग्रंथालये पाहिली. कामगारवस्तीतील माणसे, मुले, स्त्रिया ग्रंथालयाचा सहज वापर करताना त्यांनी पाहिल्या आणि ग्रंथालय ही समाजजीवनाची यंत्रणा आहे याची जाणीव त्यांना झाली. त्याच वेळी वर्गीकरणाच्या प्रचलित पद्धतींतील उणीवही त्यांच्या लक्षात आली. मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती १८७६ पासून रूढ होती. त्या पद्धतीत ज्ञानाचे सर्व विषय आधी कल्पून त्यांची एक लांबलचक यादी करावयाची आणि हाती आलेल्या ग्रंथाला त्या यादीतील एक जागा द्यावयाची, असा क्रम आहे. यादी करणाऱ्याच्या कल्पनेत जो विषय आला नाही, त्याला घर नाही. नवे विषय तर रोज जन्मतात, आणि पुष्कळदा ते दोन जुन्या विषयांच्या संयोगातून जन्मतात.

याच सुमारास सेल्फ्रिजेस या लंडनमधील मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो या खेळण्याचे प्रात्यक्षिक पाहिले. पट्ट्या, सळ्या, चाके, नट आणि बोल्ट हे सुटे भाग तेच. परंतु त्यांच्या निरनिराळ्या जुळणीतून विक्रेता घटकेत एक आणि घटकेत दुसरे खेळणे तयार करीत होता. रंगनाथन यांना अपेक्षित उत्तर तेथे सापडले. विषयांची यादी करावयाची नाही. विषय ज्या घटकांचे बनतात त्या घटकांची यादी करावयाची आणि प्रत्येक ग्रंथाचा विषय त्या घटकांतून जुळवावयाचा. जुळणीच्या सांध्यावर नट-बोल्टाच्या जागी त्यांनी द्विबिंदू हे विरामचिन्ह योजले. म्हणून या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण असे नाव पडले. मायदेशी परतताना जहाजावरील ग्रंथांवर त्यांनी ती पडताळूनही पाहिली. १९२५ च्या जुलैमध्ये ते मद्रासला परतले ते पुन्हा गणिताकडे वळण्यासाठी नव्हे.

मद्रास विद्यापीठातील पुढची वीस वर्षे हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ होय. कपाटे वाचकांना खुली झाली, ग्रंथालयाच्या वेळा वाढल्या, वाचकाची गरज ओळखून त्याला साहाय्य करणारी संदर्भसेवा सुरू झाली. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. स्वतः रंगनाथन सुटी न घेता सकाळपासून रात्रीपर्यंत काम करीत. याच काळात पहिल्या पत्नी रुक्मिणी यांचा अपघाती मृत्यू झाला आणि १९२९ मध्ये शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ उपयोगासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे, असा या सूत्रांचा आशय आहे. वरकरणी ही सूत्रे इतकी साधी वाटतात की त्यांसाठी ग्रंथ लिहावा लागला याचेच नवल वाटावे. त्यांतील तिसरे सूत्र मात्र थांबून विचार करण्यासारखे आहे. वाचकाला ग्रंथ हवा असतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. ग्रंथालाही वाचक हवा असतो, आणि तो मिळवून देणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, ही कल्पना नवी होती. वाचकाने न मागितलेला, त्याला माहीतच नसलेला, तरी त्याच्या कामाचा ग्रंथ त्याच्या दृष्टीस पडला पाहिजे. संबंधित संशोधनाचा शोध ज्याला आपण म्हणतो, त्याचा गाभा या सूत्रात आहे.

द्विबिंदू वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १९३३ साली निघाली आणि पाठोपाठ १९३४ मध्ये वर्गीकृत तालिकेची संहिता. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही पद्धती कशी चालते, ते येथे थोडे विस्ताराने पाहू. साहित्य या मुख्य वर्गाला ‘ओ’ हे रोमन अक्षर दिलेले आहे. त्यानंतर भाषेचा अंक, मग वाङ्मयप्रकाराचा अंक (काव्याला एक, नाटकाला दोन, कथात्म साहित्याला तीन), मग लेखक आणि शेवटी त्याची कृती. यात लेखक त्याच्या नावाने येत नाही, जन्मवर्षाने येतो. एकोणिसाव्या शतकातील वर्षांसाठी ‘एम’ आणि विसाव्यासाठी ‘एन’ ही अक्षरे आहेत. त्यामुळे मराठी काव्याच्या कपाटात केशवसुत ‘एम ६६’, भा. रा. तांबे ‘एम ७३’, गोविंदाग्रज ‘एम ८५’, बालकवी ‘एम ९०’ आणि मर्ढेकर ‘एन ०९’ अशा क्रमाने उभे राहतात. वर्णानुक्रमाने लावलेल्या कपाटात जे कवी केवळ आडनावाच्या योगायोगाने शेजारी आले असते, ते येथे पिढीच्या नात्याने शेजारी येतात. विद्यार्थी कपाटासमोरून चालत गेला तर आधुनिक मराठी कवितेचा इतिहास त्याच्या डोळ्यांखालून जातो. एखाद्या लेखकावरील समीक्षाग्रंथ त्या लेखकाच्या क्रमांकालाच जोडून बसतात, त्यामुळे कृती आणि तिची चर्चा यांची ताटातूट होत नाही.

अर्थात वर्गीकरणकाराला संशोधकांच्या वादातही ओढले जावे लागते. तुकारामांचे जन्मवर्ष १५९८ मानले तर त्यांचे अक्षर ‘जे’, आणि १६०८ मानले तर ‘के’. अभ्यासकांना अनिर्णित ठेवता येते ते ग्रंथपालाला ठेवता येत नाही.

या व्यवस्थेतील अधिक गंभीर अडचण वेगळीच आहे आणि ती आपण, साहित्याच्या अध्यापकांनी, स्पष्टपणे मांडली पाहिजे. प्रकार आधी आणि लेखक नंतर, असा क्रम ठेवल्याने एकच लेखक निरनिराळ्या ठिकाणी विभागला जातो. कुसुमाग्रजांची कविता काव्यात जाते, वि. वा. शिरवाडकरांचे नाटक नाटकात आणि कादंबरी कादंबरीत. त्यांच्या काव्यात्म नाट्यभाषेचा अभ्यास करणाऱ्याला तिन्ही कपाटे धुंडाळावी लागतात. कोणताही एक क्रम स्वीकारला की काही संबंध जवळ येतात आणि काही दूर फेकले जातात, ही मर्यादा रंगनाथन पूर्णपणे जाणून होते. कपाट हे एकरेषीय असते. ज्ञानाचे संबंध तसे नसतात.

या मर्यादेवर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे तालिकेतील साखळी पद्धती. वर्गांकातील प्रत्येक दुवा घेऊन त्याची एक स्वतंत्र नोंद करावयाची. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांवरील समीक्षेसाठी समीक्षा, आपटे, कादंबरी, मराठी, साहित्य अशा कोणत्याही शब्दावरून वाचक आला, तरी त्याला वर्गातील योग्य जागा दाखविली जाते. कपाटाने जे विखुरले ते सूचीने गोळा करावयाचे, अशी ही श्रमविभागणी होय. १९५० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने ही पद्धती स्वीकारली आणि सुमारे दोन दशके वापरली. मद्रासमध्ये जन्मलेली कल्पना लंडनच्या राष्ट्रीय सूचीत पोहोचली, याची नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

संबंधित ग्रंथ शेजारी यावेत म्हणजे नेमके काय व्हावे, याचे वर्णन करण्यासाठी त्यांनी ग्रहणाची प्रतिमा वापरली. वाचकाला हव्या असलेल्या विषयाचे लेखन म्हणजे गडद प्रच्छाया. तिच्या दोन्ही बाजूंना अंशतः संबंधित लेखनाची फिकट उपच्छाया, आणि त्यापलीकडे दोन्हीकडे परकीय विषयांचा प्रदेश. वाचकाने कपाटाजवळ यावे, हव्या त्या जागी थांबावे आणि डावी-उजवीकडे नजर टाकताच संबंध हळूहळू विरळ होत गेलेले त्याला दिसावेत. यातील उपच्छायेचे महत्त्व संशोधकाला वेगळे सांगावयास नको. नेमका हवा तो लेख मिळणे ही सोय आहे. नवे सुचते ते पुष्कळदा शेजारच्या लेखामुळे.

१९४५ मध्ये त्यांनी मद्रास सोडले. त्यामागे विद्यापीठातील मतभेद होते. त्यांच्या तपशिलात जाण्याचे येथे कारण नाही. बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षांत सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण आणि तालिकीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले, असे सांगितले जाते. १९४७ पासून सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून ते दिल्ली विद्यापीठात होते. मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ साली झाला, त्यामागे त्यांचीच अनेक वर्षांची खटपट होती.

दिल्लीच्या काळात त्यांचे लक्ष ग्रंथाकडून लेखाकडे वळले आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा टप्पा फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधन प्रामुख्याने नियतकालिकांतून प्रसिद्ध होऊ लागले होते. ग्रंथ एक मोठा विषय मांडतो. लेख त्याचा एखादाच सूक्ष्म कोपरा उजळतो. अशा सूक्ष्म विचारांची व्यवस्था लावून ती तज्ज्ञ वाचकापर्यंत पोहोचविणे, याला त्यांनी प्रलेखन मानले आणि त्यासाठी अधिक खोल वर्गीकरण आवश्यक आहे असे प्रतिपादन केले. विषयाचे सर्व घटक पाच मूलभूत कोटींत बसतात, हा त्यांचा सिद्धान्त १९५२ च्या चौथ्या आवृत्तीत वर्गीकरणाचा पाया झाला. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या त्या पाच कोटी. भारतीय दर्शनांतील पदार्थविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला त्यांत ओळखीचा सूर जाणवेल. परंतु रंगनाथन यांनी त्यांना तात्त्विक सत्य म्हणून मांडले नाही, त्या गृहीतकांप्रमाणे वापरल्या.

फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी करावयाच्या उपचाराविषयी १९५० च्या दशकात भारतात झालेले संशोधन, असा विषय घेतला तर अवयव, रोग, उपचार, देश आणि काळ या पाच पैलूंनी त्याचे स्थान ठरते. नव्वदोत्तर मराठी ग्रामीण कादंबरीतील शेतकरी स्त्रीचे चित्रण, या आपल्याकडील विषयाचेही असेच पृथक्करण करता येते. ते केले म्हणजे भाषा बदलून कन्नड ग्रामीण कादंबरी, काळ बदलून साठोत्तरी कादंबरी, प्रकार बदलून ग्रामीण कथा, असे कोणते शेजारी विषय पाहावयास हवेत हे आपोआप उलगडते. संबंधित या मोघम शब्दाला रंगनाथन यांनी असा निश्चित अर्थ दिला. दोन लेख संबंधित आहेत म्हणजे त्यांच्यात काही पैलू समान आहेत आणि काही भिन्न आहेत. कोणते, ते सांगता आले पाहिजे.

१९५२ मध्ये लंडनमध्ये वर्गीकरणाच्या अभ्यासकांचा एक गट स्थापन झाला आणि त्याने पैलूविश्लेषण हाच पुढील कामाचा आधार मानला. १९५७ च्या डॉर्किंग येथील परिषदेतही याच विचारावर भर होता. त्या वर्षी भारत सरकारने रंगनाथन यांना पद्मश्री दिली. १९५५ ते १९५७ ही वर्षे त्यांनी झुरिकला काढली. आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी. अध्यासनाला नाव पत्नी शारदा यांचे. साधी खादी, मोजका आहार आणि अखंड काम अशी त्यांची राहणी होती. शेवटचा काळ बंगळूरला गेला. तेथे १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत त्यांनी प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभारले. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले.

या कार्याचे मूल्यमापन करताना एक विसंगती नजरेआड करता येत नाही. वाचकाचा वेळ वाचवा असे सांगणाऱ्या या पुरुषाने निर्माण केलेले वर्गांक मात्र वाचकाला आणि ग्रंथपालालाही कष्टदायक होते. आवृत्ती बदलली की चिन्हे बदलत, घटकांचे क्रम बदलत. आधी वर्गीकृत केलेल्या हजारो ग्रंथांचे काय करावयाचे, हा प्रश्न ग्रंथपालापुढे राही. विचारवंत म्हणून सतत सुधारणा करणे हा त्यांचा धर्म होता, परंतु ग्रंथालयाला स्थैर्य लागते. परिणामी भारतातील बहुसंख्य ग्रंथालये ड्यूईच्या दशांश पद्धतीकडेच राहिली वा वळली. हा पराभव आहे, हे मान्य करावयास हवे. तो पद्धतीतील अंकांचा पराभव आहे, विश्लेषणाचा नव्हे. आजच्या संगणकीय तालिकांत आणि लेखसंग्रहांत शोधाच्या निकालाशेजारी भाषा, वर्ष, प्रकार, विषय असे गट दिसतात आणि त्यांतून निवड करीत शोध संकुचित करता येतो. हे पैलूच होत. कपाटाला एकच क्रम शक्य होता, संगणकाला तसे बंधन नाही. कुसुमाग्रजांची कविता आणि शिरवाडकरांचे नाटक तेथे एका वेळी दोन्ही ठिकाणी असू शकते.

परंतु यंत्र पैलू दाखवू शकते ते कोणीतरी आधी नोंदविले असतील तरच. विज्ञानाच्या क्षेत्रात संबंध शोधण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. यूजीन गारफील्ड यांच्या १९६४ पासूनच्या उद्धरणसूचीने कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा आधार घेतला हे पाहून नाती जुळविली. मराठी समीक्षेत पूर्वसूरींचे ऋण तळटिपेत नोंदविण्याची शिस्त सार्वत्रिक नसल्याने तो मार्ग आपल्याला फारसा खुला नाही. शब्दशोधाची स्थिती याहून बिकट आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईतील अनुस्वार, विभक्तिप्रत्ययांनी बदलणारी शब्दरूपे आणि एकाच संकल्पनेची अनेक नावे यांमुळे संगणकाला दिलेला शब्द कितीतरी लेखांना चुकवून जातो. ललित निबंध शोधणाऱ्याला लघुनिबंध आणि गुजगोष्ट ही नावे ठाऊक असावी लागतात. अंकांची छायाचित्रे संग्रहात चढविली, म्हणजे लेख सापडण्याजोगे झाले, असे नव्हे. प्रत्येक लेखाचा विषय कोणीतरी वाचून, पृथक्करण करून, नियत शब्दांत लिहून ठेवावा लागतो, आणि मराठी लेखांच्या बाबतीत हे काम मराठीच्या अभ्यासकांवाचून कोण करणार? पदव्युत्तर वर्गातील एकेका विद्यार्थ्याने एकेका नियतकालिकाचे एक वर्ष घेतले, तरी विभागाच्या हाती काही वर्षांत भरीव लेखसूची येऊ शकेल. प्रबंधांची संख्या वाढविण्यापेक्षा हे काम अधिक निकडीचे आहे, असे मला वाटते.

रंगनाथन अखेरपर्यंत लेखन आणि मार्गदर्शन करीत होते. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर सुमारे दीड महिन्याने, २७ सप्टेंबर १९७२ रोजी, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. द्विबिंदू वर्गीकरणाच्या सातव्या आवृत्तीचे काम तेव्हा अपुरे होते. त्यांचे सहकारी एम. ए. गोपीनाथ यांनी ते हाती घेतले आणि ती आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली.